आधी शेवटचं पान : न्यायालयाच्या निकालांवर उजव्या विचाराने लिहू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी

उजव्या, परंपरा मानणाऱ्या विचाराने निकालांवर आणि राजकारणावर लिहावं असं वाटणारी मुलंमुली छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडे बरीच आहेत. विचार पक्का असतो, वाचनही असतं. अडतं ते कामाच्या रीतीत. निकाल लागला की अर्ध्या तासात वाहिन्यांवर ‘चपराक’, ‘दणका’, ‘फटकारलं’ सुरू होतं आणि लेख त्या शब्दांवर बेतला जातो. मूळ निकाल कुणी उघडलेलाच नसतो. असा लेख सहा महिन्यांनी विरोधकाच्या हाती लागला तर लिहिणाऱ्यासोबत त्याच्या विचारालाही खाली बघावं लागतं.

या लेखनाचा कणा एका प्रश्नात आहे: हे ठरवायचं कोणी? न्यायालयाने, विधिमंडळाने, की समाजाने आपापल्या रीतीने? निकाल आवडला की नाही हा प्रश्न त्याच्या मागून येतो. क्रम उलटला की लेख पक्षाचं पत्रक होतो.

बैलगाडा शर्यतीचं उदाहरण घ्या, आपल्याकडे शंकरपट म्हणतात ते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर शर्यती सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या एकमताने वैध ठरवल्या. त्या दिवशी बऱ्याच जणांनी ‘न्यायालयाने संस्कृतीवर शिक्कामोर्तब केलं’ असं लिहिलं. निकाल वाचला की वेगळंच दिसतं. शर्यत ही संस्कृती आहे की नाही, याचा खोल सामाजिक-सांस्कृतिक अभ्यास न्यायालयात होऊ शकत नाही. विधिमंडळाने तसं मानलं आहे आणि त्या मताला आम्ही धक्का लावणार नाही, असा त्याचा सूर आहे. उजव्या भाष्यकारासाठी हे शिक्कामोर्तबापेक्षा कितीतरी मोलाचं आहे, कारण ‘ठरवायचं कोणी’ याचं उत्तर त्यात मिळतं. शिवाय नियम काटेकोर पाळले जातात की नाही याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली, ती ओळ तर बहुतेक लेखांत आलीच नाही. शंकरपट भरवणाऱ्या गावाला तिचीच सगळ्यात जास्त गरज होती.

आता हीच फूटपट्टी दुसरीकडे लावा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या प्रकरणात, विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं आणि विषय संसदेकडे राहिला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मात्र न्यायमूर्तींच्या नेमणुकांसाठी संसदेने केलेली ९९वी घटनादुरुस्ती ४ विरुद्ध १ मतांनी रद्द झाली. संसदेचा मान राखा हे पहिल्या निकालात म्हणायचं असेल तर दुसऱ्यातही म्हणता आलं पाहिजे, आणि मग उद्या आपल्याला न आवडणारा कायदा बहुमताने झाला तरी तो पाळावाच लागेल. ही किंमत मोजायची तयारी नसेल तर न्यायालयीन संयमाची भाषा वापरू नये.

खरी परीक्षा मराठा आरक्षणाच्या निकालात होते, आणि मराठवाड्यात राहून तो टाळून लिहिताच येत नाही. २०१८ चा कायदा विधिमंडळाने केला होता. २७ जून २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तो टिकवला, पण १६ टक्क्यांऐवजी शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्के असं केलं. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवताना अंतरिम स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ रोजी पाच न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. इथे उजव्या विचाराच्याच दोन निष्ठा समोरासमोर येतात: निवडून आलेल्या सभागृहाचा मान, आणि जुना पूर्वनिर्णय सहजी न मोडणं. तो पूर्वनिर्णय म्हणजे १६ नोव्हेंबर १९९२ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आणि त्यातली ५० टक्क्यांची मर्यादा. यातली कोणती निष्ठा वरचढ मानता आणि का, हे लेखात उघड लिहा. दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं गुळमुळीत लिहिलं की मराठा वाचकही बिथरतो आणि ओबीसी वाचकही.

याच निकालात नवे लेखक हमखास घसरतात ती जागाही पाहून ठेवा. ‘३ विरुद्ध २ ने आरक्षण गेलं’ असं आजही छापून येतं. ते चूक आहे. कायदा टिकत नाही आणि ५० टक्के ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. ३ विरुद्ध २ फूट पडली ती १०२व्या घटनादुरुस्तीच्या अर्थावर: मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्याकडे उरला की नाही, एवढ्यावर. बहुमताने तो केंद्राकडे गेल्याचं म्हटलं आणि संसदेने त्याच वर्षी १०५वी दुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला. म्हणून एका निकालातले मुद्दे सुटे करून प्रत्येकाचा वेगळा मतहिशोब मांडायची सवय लावा. वहीत तीन रकाने आखा: मुद्दा, कोण कुठल्या बाजूला, परिच्छेद क्रमांक. पाच न्यायमूर्ती आणि चार मुद्दे असले की एवढ्याने अर्धा गोंधळ संपतो.

निकाल वाचायचा कसा? पहिल्या पानानंतर थेट शेवटच्या पानावर जा. पहिल्या पानावर पक्षकार, ‘कोरम’ म्हणजे कोण न्यायमूर्ती, निकाल कधी राखून ठेवला आणि कधी दिला, एवढं मिळतं. शेवटच्या पानावर आदेशाचा भाग असतो: काय मंजूर, काय नामंजूर, कुणी काय किती दिवसांत करायचं. हे दोन्ही वहीत उतरवल्याशिवाय मधली पानं वाचू नका. मधे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पानंच्या पानं नोंदवलेले असतात आणि घाईत वकिलाचं वाक्य न्यायालयाच्या तोंडी घातलं जातं. ‘याचिकाकर्त्याच्या वतीने असं मांडण्यात आलं’ ही सुरुवात सुटली की अनर्थच. त्यानंतर कारणमीमांसा वाचा आणि सगळ्यात शेवटी भिन्नमत. भिन्नमत टाळू मात्र नका. शबरीमलाच्या २८ सप्टेंबर २०१८ च्या ४ विरुद्ध १ निकालातलं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं भिन्नमत धर्माच्या बाबतीत न्यायालयाने कुठे थांबावं यावर इतकं नेमकं आहे, की या विचाराच्या नव्या माणसाने ते दोनदा वाचावं. पण ते अल्पमत आहे, कायदा नव्हे, हे प्रत्येक वेळी लिहा.

औरंगाबाद खंडपीठाचे आदेश वाचताना आणखी काही खाचाखोचा असतात. (शहराचं नाव बदललं तरी खंडपीठाच्या कागदांवर अजून तेच नाव येतं, ते बदलून उद्धृत करू नका.) हे पीठ २७ ऑगस्ट १९८१ पासून बसतं आणि त्याच्याकडे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांशिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही येतात. त्यामुळे ‘खंडपीठाचा निकाल’ म्हणजे मराठवाड्यातलंच प्रकरण असं धरू नका. ‘खंडपीठ’ या शब्दाचाही घोळ आहे: औरंगाबादचं पीठ तेही खंडपीठ आणि दोन न्यायमूर्तींचं पीठ तेही खंडपीठच. ‘औरंगाबाद खंडपीठाच्या एकल न्यायमूर्तींनी’ किंवा ‘दोन न्यायमूर्तींच्या पीठाने’ असं फोडून लिहा. आदेशाच्या वर असलेल्या संदर्भ क्रमांकात बीएचसी आणि एयूजी अशी अक्षरं असतात आणि शेवटी डीबी (डिव्हिजन बेंच) असेल तर ते दोन न्यायमूर्तींचं पीठ.

आदेशाच्या सुरुवातीला ‘रूल’ आलं म्हणजे याचिका फक्त सुनावणीला दाखल करून घेतली आहे, ती जिंकलेली नाही. शेवटी ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’ म्हणजे मंजूर, ‘रूल डिस्चार्ज्ड’ म्हणजे फेटाळली. आणि ‘प्रार्थना खंड ब नुसार मंजूर’ (प्रार्थना खंड म्हणजे याचिकेतल्या मागण्यांची यादी) एवढंच लिहिलेलं असेल तर काय मिळालं हे आदेशावरून कळतच नाही. वकिलाकडून याचिकेची प्रत घेऊन खंड ब वाचावा लागतो. तो न वाचता लिहिणं म्हणजे पाकीट पाहून पत्राचा मजकूर सांगणं. कधी आदेशात टंकाची चूक राहते आणि काही दिवसांनी ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ म्हणून ती दुरुस्त होते. त्यामुळे आकडा किंवा मुदत उद्धृत करण्याआधी नंतरचे आदेशही उघडून पाहा. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख, अक्षरं आणि अंक मिळून सोळा) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की सगळ्या तारखा आणि आदेश एका जागी मिळतात.

तोंडी शेरे हा वेगळा विषय. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलाला खोचक प्रश्न विचारतात आणि संध्याकाळी ‘सरकारला झापलं’ अशी बातमी येते. तोंडी शेरे हा आदेशाचा भाग नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ रोजी निवडणूक आयोगाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्यांची बातमी देण्यावर मात्र बंदी घातली नाही. तेव्हा बातमी द्या, पण ‘सुनावणीदरम्यान विचारलं’ असं म्हणा. त्या शेऱ्यावर अख्खा लेख उभा करू नका, कारण लेखी आदेश पुष्कळदा त्याच्या उलट निघतो.

शब्दांचा नेमकेपणा मराठीत फार ढिला झाला आहे. घटनेचा तो अनुच्छेद, कायद्याचं ते कलम. बोलताना कलम ३७० चालेल, लेखात अनुच्छेद ३७० लिहा. गुन्हा रद्द होणं, आरोपमुक्त होणं आणि निर्दोष सुटणं या तीन टप्प्यांवरच्या तीन गोष्टी आहेत: पहिली खटला उभा राहण्याआधी होऊ शकते, दुसरी दोषारोप निश्चित होण्याआधी आणि तिसरी पुरावा होऊन. जामिनाचा निर्दोषत्वाशी संबंध नाही. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका (अपील करू द्यावं म्हणून केलेला अर्ज) कारण न देता फेटाळली तर उच्च न्यायालयाच्या कायदेशीर मताला त्याची मान्यता मिळाली असं होत नाही. दाद द्यायची नाही, इतकंच ठरतं. आपल्या आवडीच्या नेत्याची याचिका असो की नावडत्या, शब्द तोच ठेवा.

राजकीय निकालात घाई सर्वांत महाग पडते. ११ मे २०२३ चा शिवसेनेच्या फुटीवरचा निकाल आठवा. बहुमत चाचणीला बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय न्यायालयाने चूक ठरवला, विधानसभाध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा म्हटली. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनी स्थिती परत आणता येत नाही आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी करावा असंही म्हटलं. दोन्ही बाजूंना आपल्या सोयीचं वाक्य मिळालं आणि संध्याकाळपर्यंत दोघांनीही विजय जाहीर केला. उजव्या विचाराच्या भाष्यकाराने राज्यपालांबद्दलचे ते परिच्छेद गाळले तर त्याचा संस्थांच्या मर्यादेचा सगळा युक्तिवाद पोकळ होतो. गैरसोयीचा परिच्छेद आधी लिहा, मग पुढे चला.

थांबण्याचा फायदाही बघा. ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार) वापरून तमिळनाडूची १० विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं आणि राज्यपाल-राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या. तेव्हा आरडाओरड करणारे लेख पुष्कळ आले. टिकले ते वेगळे: अनुच्छेद १४५(३) प्रमाणे घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न किमान पाच न्यायमूर्तींपुढे जायला हवा होता, एवढाच मुद्दा शांतपणे मांडणारे. २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या विचारणेवर पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही आणि ‘मंजुरी मिळाल्याचं मानणं’ घटनेत बसत नाही. पहिल्या दिवशी न्यायमूर्तींच्या हेतूंवर घसरलेल्यांना तेव्हा स्वतःचा लेख पुढे करता येईना.

मराठवाड्याच्या लेखकाचं खरं भांडवल जमिनीच्या निकालांत आहे, आणि नेमकं तिकडेच कुणी फिरकत नाही. इथला जमीन कायदा पश्चिम महाराष्ट्राचा नाही. निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालेल्या या भागाला हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० लागू झाला. पुण्याकडच्या लेखावरून ‘१ एप्रिल १९५७, कृषक दिन’ उचलून बीडच्या प्रकरणात घातला की लेख बाद, कारण तो मुंबईच्या १९४८ च्या कायद्याचा दिवस आहे. आपल्याकडे संरक्षित कुळाची मालकी कलम ३८-ई खाली आणि विक्रीची बंधनं ५०-ब खाली पाहायची. देवस्थानांच्या जमिनींवर लिहिताना हे दुप्पट जपावं लागतं. हैदराबादचा इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठी असलेली इनामं त्यातून वगळली आहेत. मदतमाश आणि खिदमतमाश हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की युक्तिवाद तिथेच कोसळतो, कारण पहिलं व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी दिलेलं आणि दुसरं देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी.

असं प्रकरण हाती आलं की सातबारावर थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, सेतवार (जुन्या मोजणीची नोंदवही), वसूल बाकी (सारावसुलीची नोंद) आणि इनाम असेल तर मुंतखब (निजाम सरकारने दिलेला इनामाचा दाखला) मागा. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात आणि वर्ष फसली, म्हणजे निजामकाळचं महसुली वर्ष असतं. त्यात ५९० मिळवा: फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. वर्षाच्या या हिशोबात एकाची चूक झाली तरी जमीन मुक्तिसंग्रामाच्या आधीची की नंतरची हे उलटं होतं. उर्दू वाचणारा जाणकार आणि मोडी वाचणारा जाणकार दोन्ही ओळखीचे ठेवा. त्यांच्याकडून लेखी लिप्यंतर घ्या, तोंडी अर्थावर जाऊ नका.

हैदराबाद गॅझेटवरून, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याबाबत, २ सप्टेंबर २०२५ ला निघालेल्या शासन निर्णयावर लिहितानाही हाच शिस्तीचा भाग. शासन निर्णय हा कायदा नसतो, तो सरकारचा कार्यकारी आदेश असतो. त्याने काय कार्यपद्धती आखली, समिती कुणाची नेमली, पुरावा काय मागितला हे मूळ मजकुरातून घ्या. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला संगणक सांकेतांक असतो आणि तो वर्ष-महिना-दिवसाने सुरू होतो. तो जुळला तरच प्रत खरी माना. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीचं एखादं पानच गायब असतं.

लिहिताना मर्यादा कुठे आहे तेही माहीत हवं. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ५ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही, आणि २००६ च्या दुरुस्तीपासून जनहितासाठी मांडलेलं सत्य हा बचाव आहे. पण निकालाच्या चुकीवरून न्यायमूर्तींच्या जातीवर, धर्मावर, घरच्यांवर किंवा हेतूवर उडी मारली की हे संरक्षण गेलं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, गाव, शाळा, नातेवाईक यांतलं काहीही ओळख पटेल असं देऊ नका. तालुक्याच्या गावात ‘अमुक वस्तीवरची मुलगी’ एवढ्यानेही ओळख पटते.

पहिला लेख ८०० शब्दांच्या आत ठेवा. पहिल्या १५० शब्दांत निकाल काय, कोणत्या न्यायालयाचा, किती न्यायमूर्तींचा, कोणत्या तारखेचा हे विशेषणांशिवाय. पुढच्या २०० शब्दांत न्यायालयाची कारणं, ती देणाऱ्याला पटतील अशा निष्पक्ष शब्दांत. मग तुमचं मत. नवे लेखक मताला सातशे आणि कारणांना पन्नास शब्द देतात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असेल तर लिहायला किमान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी छापून आलेला बरोबर लेख पहिल्या दिवशीच्या चुकीच्या लेखापेक्षा संपादकाच्या जास्त लक्षात राहतो.

कायद्याची पदवी हवीच का? सक्ती नाही, पण तीन वर्षांचा एलएलबी केलेल्याला प्रक्रिया समजून घ्यायला लागणारा वेळ वाचतो. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी नसेल तर सहा महिने जिल्हा न्यायालयात नियमाने बसा, आठवड्यातून दोन दिवस, एकाच न्यायदालनात. एकच खटला पाच-सहा तारखा पाहिला की तारीख का पडते, साक्षीदार का फिरतो, समन्स का बजावलं जात नाही हे समजतं, आणि मग ‘न्यायालयं झोपा काढतात’ अशी ओळ हातून निघत नाही. भाष्य लिहून पोट भरेल अशी जागा आपल्याकडे फार थोड्यांना मिळते. वकिली, अध्यापन किंवा वृत्तपत्रातली उपसंपादकी धरून हे करायचं असं पहिली पाच वर्षं गृहीत धरा.

वाचनात घटनासमितीची भाषणं सगळ्यांत आधी घ्या. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण उजव्या विचाराच्या माणसाने पाठ करावं असं आहे: घटनात्मक मार्ग उघडे असताना सत्याग्रह आणि असहकार सोडले पाहिजेत, नाहीतर ते अराजकाचं व्याकरण ठरतं, आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्यांचंच ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषणही वाचा. गावगाड्यावर त्यांनी त्यात जी कठोर टीका केली ती परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याला झोंबते. तिला उत्तर तयार नसेल तर परंपरेच्या बाजूने लिहायला अजून वेळ आहे.

आणि एक वही वेगळी ठेवा, फक्त स्वतःच्या भूमिकांची. तारीख, निकाल, आपण काय म्हणालो, कोणत्या तत्त्वावर. फेरविचार याचिका किंवा मोठ्या पीठाचा निकाल आला की त्याच पानावर खाली नोंद करा. चूक निघाली तर पुढच्याच लेखाच्या सुरुवातीला दोन ओळींत दुरुस्ती द्या: काय लिहिलं होतं, बरोबर काय आहे, परिच्छेद क्रमांक. जुना मजकूर गुपचूप बदलू नका. त्याचा फोटो कुणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो.